अपक्षाला दिलेलं मत कुणाचं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणारी मैत्रीण चौतीस वर्षांची, पदवीधर, बसस्टँडजवळ 'आपले सरकार सेवा केंद्र' चालवते. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"ताई, २०२४ च्या विधानसभेला आमच्याकडे महायुती आणि महाविकास आघाडी अशी सरळ लढत होती. दोन्हीकडचे उमेदवार वर्षानुवर्षांचे. एकाकडे कारखाना, दुसऱ्याकडे बँक आणि शाळा. तिसरे एक अपक्ष होते, पेशानं वकील, पाण्याच्या प्रश्नावर सतत लोकांबरोबर असणारे. मी त्यांना मत दिलं. त्यांचं डिपॉझिट गेलं. जे येऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं ते निसटते निवडून आले, आणि अपक्षांची मतं त्या फरकापेक्षा जास्त निघाली. माझे मोठे दीर हरलेल्या पक्षाचे जुने कार्यकर्ते आहेत. ते अजूनही जेवताना ऐकवतात, 'तुझ्यासारख्यांमुळं सीट गेली.' आता वकीलसाहेब पुढच्या वेळीही विधानसभेला उभं राहायचं म्हणतायत आणि मला सोबत काम करायला बोलावतायत. दोघांतूनच एक येणार असेल तर अपक्षाला मत देणं म्हणजे मत वाया घालवणंच का? कमी वाईट कोण एवढंच बघत आयुष्यभर बटण दाबायचं का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या दिरांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तुमचं मत आधीपासून त्यांच्या पक्षाचं होतं आणि तुम्ही ते उचलून दुसऱ्याला दिलंत. मतमोजणी संपली की कार्यकर्ते ही वजाबाकी करतातच. अमक्याला इतकी पडली, आपण इतक्यानं पडलो, म्हणजे अमक्यानंच पाडलं. पण वकीलसाहेब उभेच नसते तर त्यांची मतं कुठं गेली असती, हे कुणाला सांगता येईल? काही दिरांच्या उमेदवाराला, काही निवडून आलेल्यांना, काही 'नोटा'ला. आणि बरेच जण त्या दिवशी शेतावर निघून गेले असते. तुमचं मत मिळवायचं काम त्या पक्षाचं होतं. त्यांनी असा उमेदवार दिला की पदवी घेतलेली, स्वतःचा व्यवसाय करणारी, रोज शंभर लोकांची कागदपत्रं हाताळणारी मतदार त्याच्याकडे वळली नाही. याचा जाब तुम्हाला विचारण्याआधी दिरांनी तो आपल्या पक्षाच्या तालुका कार्यालयात विचारायला हवा.

पण म्हणून त्यांचं म्हणणं पूर्ण झटकूही नका. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो, मग ती एकूण मतांच्या निम्मी असोत किंवा तिसरा हिस्सा. या पद्धतीत लढत हळूहळू दोघांतच उरते, हे मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकानं १९५० च्या दशकातच मांडलं होतं. त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. आपल्या आवडीचा तिसऱ्या क्रमांकावर राहील असं दिसलं की मतदार स्वतःच पहिल्या दोघांकडे सरकतो. महाराष्ट्रात दोन पक्ष नाहीत, सहा-सात आहेत, पण ते दोन आघाड्यांत वाटले गेल्यावर मतदान केंद्रात पेच तोच पडतो. १९९५ साली राज्यात ४५ अपक्ष आमदार निवडून आले होते. २०१९ ला १३ आले. २०२४ ला २८८ पैकी फक्त दोन, आणि ते दोघंही महायुतीतल्या पक्षांचे बंडखोर. तेव्हा तुमची घालमेल ही तुमची कमजोरी समजू नका, ती या पद्धतीतूनच येते.

तरी 'अपक्ष म्हणजे मतं खाणारा' हे समीकरण जसंच्या तसं मान्य करता येत नाही, कारण सांगली. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीत सांगलीची जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि चंद्रहार पाटील उमेदवार झाले. काँग्रेसमध्ये नाराजी पसरली. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह घेऊन. निकालात ते भाजपच्या संजयकाका पाटलांपेक्षा लाखभर मतांनी पुढं होते आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास थांबला. म्हणजे तिथं 'मत वाया' गेलं असेल तर ते पक्षाच्या चिन्हावरचं. सांगलीच्या मतदारांनी आधीच ताडलं होतं की खरी लढत कुणाकुणात आहे. मत वाया जातं ते तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलेलं, आणि तिसरा कोण हे चिन्हावर ठरत नाही, जमिनीवर ठरतं. मात्र हेही लक्षात घ्या की विशाल पाटलांच्या मागं वसंतदादांचं घराणं होतं, काँग्रेसचे कार्यकर्ते होते, संस्था होत्या. तुमच्या वकीलसाहेबांकडे यातलं काय आहे?

इथं तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक येतं. ते तुम्ही शब्दांत लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत आहे: पक्षवाला म्हणजे बरबटलेला आणि अपक्ष म्हणजे स्वच्छ. मला हे पटत नाही, आणि ते स्पष्टच सांगते. अपक्षांत फार वेगवेगळी माणसं असतात. तिकीट न मिळाल्यानं रागावलेला असतो, निकालानंतर महिन्याभरात तो घरी परततो. कुणाची तरी मतं फोडायला कुणीतरी उभा केलेला असतो. २०१४ ला रायगडात अनंत गीते सुनील तटकऱ्यांपेक्षा २,११० मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे मोजता येणार नाही, पण पुढं मतदान यंत्रावर उमेदवारांचे फोटो येऊ लागले ते अशाच सारख्या नावांच्या गोंधळामुळं. आणि मग तुमच्या वकीलसाहेबांसारखे असतात, एखाद्या प्रश्नातून उभे राहिलेले. तिघांच्याही नावापुढं यंत्रावर 'अपक्ष' एवढंच लिहिलेलं असतं.

खरी परीक्षा तर निवडून आल्यावर असते. १९९५ चे ते ४५ जण आठवा. त्यात काँग्रेसचे बंडखोर बरेच होते. लोकांनी काँग्रेसवरच्या रागातून त्यांना निवडून दिलं, आणि त्यांच्या पाठिंब्याच्या बळावर मनोहर जोशींचं युती सरकार उभं राहिलं. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख हे अपक्ष म्हणून निवडून येऊन त्या सरकारात मंत्री झाले, आणि पुढं दोघंही काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारांतही मंत्री होते. अमरावतीत २०१९ ला नवनीत राणा अपक्ष निवडून आल्या त्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. २०२४ ला त्याच भाजपच्या उमेदवार होत्या आणि हरल्या. गोव्यात २०२२ ला चाळीसपैकी वीस जागांवर भाजप थांबला तेव्हा तिन्ही अपक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. या कुणाचंही मी चूक की बरोबर करत नाही. ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांतल्या काहींना हे हवंच असेल, काहींना धक्का बसला असेल. मुद्दा एवढाच की अपक्षाला मत देताना सरकार कुणाचं यावं हा निर्णय तुम्ही त्याच्या हाती देता, आणि तो काय करेल हे आधी विचारलेलं नसतं.

कायदाही इथं तुमच्या फारसा मदतीला येत नाही. पक्षांतरबंदीच्या कायद्यानुसार, म्हणजे १९८५ साली आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार, अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो. पण बाहेरून पाठिंबा द्यायला, मंत्री व्हायला त्याला आडकाठी नाही. त्याला व्हीप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, नसतो, जाहीरनामा नसतो. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षाला ती कुणालाच दाखवता येत नाही. म्हणजे तुमच्या आमदाराचं मत कुठं गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. चांगल्या माणसासाठी हे स्वातंत्र्य आहे. पण माणूस घसरला तर त्याला आवरणारं कुणी नाही. पक्ष कितीही वाईट असला तरी पुढच्या वेळी त्याला शिक्षा देता येते, कारण तो पुढच्या वेळीही तिथंच असतो.

आता तुम्ही काय करावं ते सांगते.

वकीलसाहेबांना होकार द्यायच्या आधी त्यांच्यासोबत एक दुपार बसा आणि तीन गोष्टी विचारा. त्रिशंकू विधानसभा आली तर पाठिंबा कुणाला? 'लोकांना विचारून ठरवू' हे उत्तर चालवून घेऊ नका. लोकांना म्हणजे कुणाला, कुठं, कसं, ते सांगायला लावा, आणि प्रचाराच्या पत्रकात ते छापायला लावा. दुसरं, एखाद्या पक्षानं तिकीट देऊ केलं तर? ते निवडून आलेले नाहीत, त्यामुळं उद्या पक्षात जायला त्यांना कायद्याची अडचण नाही. ते गेले तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल का, हे स्वतःलाही विचारा. माझ्या मते वाटू नये. पाण्याचं काम पक्षात राहूनही करता येतं, आणि पक्षाला चांगला उमेदवार घ्यायला भाग पाडणं हेही तुमच्या मताचं यशच आहे. तिसरा प्रश्न पैशांचा. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं: मालमत्ता, कर्ज, खटले, सगळं. त्यांचं २०२४ चं शपथपत्र तुमच्याच केंद्रात काढून वाचा. आणि बाकी दोघांचंही वाचा, दर निवडणुकीचं. मोठ्या घराण्यांची दोन-तीन शपथपत्रं शेजारी ठेवली की बरंच काही आपोआप दिसतं.

मग फॉर्म २० मिळवा. हे फार कमी लोक करतात आणि सगळ्यांत उपयोगाचं आहे. कोणत्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तो तक्ता असतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो, नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मागता येतो. वकीलसाहेबांची मतं कुठून आली ते त्यात बघा. सगळीकडून थोडी थोडी आली असतील, प्रत्येक बूथवर वीस-तीस, तर ती नाराजीची मतं आहेत. चांगली माणसं आहेत ती, पण विखुरलेली. आणि पाणी संघर्षाच्या पाच-सहा गावांतच त्यांना पहिल्या क्रमांकाची मतं असतील, बाकी ठिकाणी काहीच नाही, तर चित्र वेगळं आहे. मग त्यांची जागा आज विधानसभेत नाही. ती त्या गावांच्या जिल्हा परिषद गटात आहे, आणि तिथं ते निवडून येऊ शकतात.

हे सुचवताना मला त्यांना छोटं करायचं नाही. विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर सकाळच्या मॉक पोलपासून, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानापासून, यंत्र सील होईपर्यंत बसणारा, केंद्रावर किती मतं पडली त्याची नोंद असलेला १७-सी चा कागद हातात घेऊनच उठणारा पोलिंग एजंट लागतो. त्यांच्याकडे तेवढी माणसं आहेत का? चिन्हाचंही तसंच. पक्षाचं चिन्ह लोक जन्मापासून ओळखतात. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, आणि तिथून मतदानापर्यंत बहुतेक वेळा दोन आठवडेच उरतात. तेवढ्यात शिट्टी किंवा गॅस सिलिंडर वाडीवस्तीवरच्या आजीपर्यंत पोचवायचं. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यांत शेवटी. एका यंत्रावर सोळा बटणं, त्यातलं एक नोटाचं. उमेदवार जास्त असले की अपक्ष दुसऱ्या यंत्रावर जातो, आणि पहिल्यावर नाव सापडलं नाही म्हणून गोंधळलेली माणसं तुमच्याही केंद्रावर असणार. डिपॉझिट वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा लागतो. या सगळ्यात ते गेलं यात लाज काहीच नाही. पण तीच तयारी घेऊन पुन्हा त्याच मैदानात उतरायचं असेल, तर त्यांनी तुमचा वेळ मागताना काय बदललंय ते सांगायला हवं.

मतदार म्हणून माझा स्वतःचा हिशेब असा आहे. निवडणूक जितकी जवळची तितकं अपक्षाला मत द्यायला मन मोकळं ठेवते. ग्रामपंचायतीत तर महाराष्ट्रात पक्षाची चिन्हं नसतातच. तुम्ही मतदार झाल्यापासून तिथं माणूस आणि त्याचं पॅनेल बघूनच मत देत आलाय आणि तुमचं काही अडलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या गटात किंवा नगरपालिकेच्या प्रभागात उमेदवार तुमच्या ओळखीचा असतो, त्याचं काम रस्त्यावर दिसतं, आणि थोड्या हजार मतांत निकाल लागतो. तिथं चांगला अपक्ष असेल तर बिनधास्त द्या.

विधानसभा आणि लोकसभेला मी हात आखडता घेते. तिथं राज्याचं, देशाचं सरकार ठरतं. मी आधी स्वतःला विचारते की या दोघांपैकी कोण आलं तर माझ्या आयुष्यात खरोखर फरक पडेल का. तुम्ही लिहिलंय की एकजण 'मनापासून' येऊ नये असं वाटत होतं. म्हणजे तुमच्या लेखी ते दोघं सारखे नव्हतेच. हे तुम्ही मतदानाआधी स्वतःशी कबूल केलं असतंत तर कदाचित वेगळं बटण दाबलं असतंत, किंवा तेच दाबलं असतंत पण परिणाम माहीत असून. दुसरा मार्ग घेतलात तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. अपक्षाचं मत पक्षही वाचतात. बूथनिहाय आकडे घेऊन बसणारी माणसं दोन्ही कार्यालयांत असतात, आणि पाण्याच्या प्रश्नावर एवढी मतं हलली हे त्यांना कळलंय. पण असं मत द्यायचं असेल तर निकालानंतर पस्तावा करायचा नाही, आणि पस्तावा होणार असेल तर तसं मत द्यायचं नाही. हे आधी ठरवता येतं. नोटानं हा प्रश्न सुटत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतांनी दुसऱ्या क्रमांकावर होता, निवडून आलेल्याच्या आमदारकीला त्यानं काही झालं नाही.

एक निवडणूक मात्र अशी आहे जिथं तुमचा पेच उरतच नाही, आणि तुम्ही पदवीधर आहात म्हणून मुद्दाम सांगते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमानं मतदान होतं. अपक्षाला १ लिहा, कमी वाईट वाटणाऱ्याला २. अपक्ष मागं पडून बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याकडे जातं. सत्यजीत तांबे २०२३ ला नाशिकमधून अपक्ष निवडून आले ते याच पद्धतीनं. पण तिथं विधानसभेच्या यादीत नाव असून भागत नाही. प्रत्येक निवडणुकीसाठी यादी नव्यानं होते, नावनोंदणीचा फॉर्म १८ पुन्हा भरावा लागतो. पात्रतेच्या तारखेआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी. तुमच्या केंद्रात येणाऱ्या किती पदवीधरांनी हा फॉर्म भरलाय, विचारून बघा. गेल्या वेळी भरला होता म्हणून निर्धास्त असणारेच जास्त भेटतील.

दिरांशी वाद घालू नका, पण गप्पही बसू नका. फॉर्म २० चा तुमच्या बूथचा पानभर तक्ता त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, भावजी, आपल्याच गावात तुमच्या पक्षाची मतं गेल्या वेळेपेक्षा किती कमी झालीत आणि का? जुना कार्यकर्ता असा कागद बाजूला सारत नाही. कदाचित त्यांच्या मनातही उमेदवाराबद्दल तेच असेल जे तुमच्या मनात होतं, फक्त पक्षात राहून ते बोलता आलं नसेल. आणि पुढच्या वेळी कुणाला मत दिलं हे सांगायचं नसेल तर सांगू नका. घरातसुद्धा मत गुप्त ठेवायचा तुम्हाला अधिकार आहे.

वकीलसाहेबांचं काम करायचं ठरवलंत तर उघडपणे करा, पण सेवा केंद्राच्या बाहेर. तिथं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असणारी बाई कुठल्याही पक्षाची असते, आणि तिला काउंटरवर कुणाचंही पत्रक दिसता कामा नये, तुम्हाला पटलेल्या माणसाचंसुद्धा.